पाइप बेंडर: किती टनाचा, त्याआधी कोणती डाय

घरी वेल्डिंग मशीन घेतलेल्या हौशी माणसाची दोन-चार सरळ कामं झाली, की त्याला गोलाईचे वेध लागतात. झोपाळ्याची कमान, जिन्याचा कठडा, सायकलचं कॅरिअर असं काहीतरी मनात घेऊन तो दुकानात जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘बेंडर किती टनाचा?’ बारा टन ऐकलं की त्याची खात्री पटते, आता काहीही वाकेल. वाकेल हे खरं. पण वाकताना पाइप गोल राहील की चपटा होईल, हे टनांवर ठरत नाही.

पाइप वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. वाकाची त्रिज्या पाइपाच्या मध्यरेषेपर्यंत मोजतात. ती व्यासाच्या तिप्पट असेल तर बाहेरच्या कडेचा धातू साधारण 17 टक्के ताणला जातो, दुप्पट असेल तर 25 टक्के. ताणलेली भिंत आतल्या बाजूला सरकू पाहते, दबलेल्या भिंतीला सुरकुत्या पडू लागतात आणि मधला पोकळ भाग दोन्ही बाजूंना फुगतो. हे फुगणं थोपवलं, तरच पाइप गोल राहतो. थोपवायचं काम डायच्या, म्हणजे पाइप ज्याच्या अंगावर वाकतो त्या साच्याच्या, खाचेचं आहे; टनांचा जोर लावणाऱ्या जॅकचं नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज इथेच आहे: ‘एक इंची डाय आहे, माझा पाइपही एक इंची आहे.’ नळाच्या कामाचा एक इंची पाइप आतल्या नाममात्र मापाने ओळखला जातो. भारतीय मानक 1239 प्रमाणे त्याचा बाहेरचा व्यास 33.7 मिलिमीटर असतो आणि बी क्लासमध्ये भिंत सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. फर्निचरची एक इंची नळी मात्र बाहेरून मोजतात, म्हणजे 25.4 मिलिमीटर, 16 गेज घेतली तर भिंत जेमतेम 1.6 मिलिमीटर. जॅकवर चालणाऱ्या स्वस्त बेंडरच्या डाय बहुतेक वेळा नळाच्या पाइपासाठी असतात. त्यात फर्निचरची नळी ठेवून पाहा. ती खाचेच्या तळाला टेकते आणि दोन्ही बाजू मिळून आठ मिलिमीटरची फट उरते. वर जॅकचा दांडा तिला मधोमध ढकलतो, दोन्ही टोकांना रोलर अडवतात. बाजूंना आधारच नसल्याने नळी तिथल्या तिथे चेपते आणि आतल्या बाजूला घडी पडते. अशा वेळी बेंडर भिकार निघाला म्हणून लोक हळहळतात. मला त्या बेंडरची बाजू घ्यावीशी वाटते, कारण ज्या जाड पाइपासाठी तो बनवला आहे तो पाइप तो ठीकठाक वाकवतो.

पातळ नळीला वेगळ्या पद्धतीचं यंत्र लागतं. त्यात नळीचं एक टोक गोल डायला घट्ट बांधतात, डाय फिरते आणि नळी तिच्याभोवती ओढली जाते. दुसऱ्या बाजूने तशाच खाचेचा ठोकळा दाबून धरलेला असतो. वाक जिथे पडत असतो, तिथे नळी चहूबाजूंनी धरलेली राहते. 25.4 बाय 1.6 ची नळी तिप्पट त्रिज्येत अशा यंत्रावर आत काहीही न घालता नीट वाकते. व्यास वाढला आणि भिंत पातळ झाली, उदाहरणार्थ दीड इंची 18 गेज, की आतून आधार देणारा मँड्रेल लागण्याची वेळ येते.

‘घरी बनवला तर जवळजवळ फुकटात पडतो’ हेही अर्धंच खरं आहे. चॅनेल, जाड पट्ट्या, पिना आणि जॅक एवढ्यात सांगाडा उभा राहतो, आणि वेल्डिंग येत असेल तर तो जरूर घरी करावा. खरा खर्च डायचा. एक इंची नळीसाठी तिप्पट त्रिज्येची पूर्ण गोल डाय म्हणजे सहा इंच व्यासाची, दीडेक इंच जाडीची, साडेपाच-सहा किलोची पोलादी चकती. त्यावर लेथवर अर्धगोल खाच काढायची, आणि ती नळीला घट्ट बसेल अशीच. शिवाय प्रत्येक मापाला वेगळी डाय आणि वेगळा ठोकळा. पाऊण, एक आणि सव्वा इंची अशी तीन मापं धरली की टर्नरचं बिल सांगाड्याच्या पुढे जातं. ॲल्युमिनियमच्या पातळ नळीला कठीण लाकडाची डायही चालते, तेवढी सवलत आहे.

वाळू भरली की डायची गरज नाही, असं अनेक जण मानतात. कोरडी, बारीक वाळू ठोकून ठोकून भरली आणि दोन्ही टोकांना घट्ट बूच मारलं तर नळी चेपण्यापासून खरोखर वाचते. पण बाहेरची भिंत ताणायची ती ताणतेच, आणि वाळू जराशी सैल राहिली तरी फायदा गेला. या जुन्या युक्तीत जीवघेणा भाग एकच आहे. ओलसर वाळू भरून, टोकं बंद करून पाइप तापवला तर आत वाफ कोंडते आणि बूच गोळीसारखं उडू शकतं. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप तर तापवूच नका. जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

डिग्रीची खूण 90 वर आली की काटकोन झाला, असंही नाही. दाब सोडला की धातू थोडा मागे उघडतो. साध्या पोलादात सहसा दोन-तीन अंश, स्टेनलेसमध्ये त्याहून जास्त. त्याच नळीचा तुकडा आधी वाकवून तो किती उघडतो ते पाहायचं आणि तेवढं पुढे न्यायचं. लांबीचंही तसंच. काटकोनाच्या दोन्ही बाजू मध्यरेषेवर 300 मिलिमीटर हव्या असतील आणि त्रिज्या 76 असेल, तर नळी 600 नव्हे, 567 मिलिमीटर लागते, कारण कोपरा कापून गेलेला असतो. ईआरडब्ल्यू नळीची वेल्डची शिवण ताणाच्या किंवा दाबाच्या कडेला न ठेवता बाजूला येईल अशी धरावी.

चौकोनी पाइपाला गोल खाचेची डाय चालत नाही. मोठ्या कमानीसाठी तीन रोलरचं यंत्र बरं, फक्त दोन्ही टोकांचा थोडा भाग सरळ राहतो. तो कापायचा म्हणून नळी लांब घ्यावी.

किंचित चपटेपणा चालतो, असं म्हणताना काम कोणतं हे पाहावं. फुलदाणीच्या स्टँडला चालेल. शर्यतीच्या गाडीत चालकाला वाचवणाऱ्या रोलकेजसाठी मात्र एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत वाकाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट लागते, आणि वाकलेल्या जागी लहान व्यास मोठ्या व्यासाच्या नव्वद टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही. जिथे माणसाचा भार येणार, त्या झोपाळ्याला आणि कठड्याला हा निकष घरीही लावावा; व्हर्नियर कॅलिपरने दोन मापं घेतली की कळतं.

वर्षाकाठी दहा-बारा वाक काढायचे असतील तर ना विकत घ्या, ना बनवा. रेलिंगचं काम करणाऱ्याकडून वाकवून घ्या. रोजचं काम असेल तर खरेदीला जाताना आपल्या नळीचा वीतभर तुकडा सोबत न्या आणि तो दुकानातल्या डायच्या खाचेत बसवून पाहा. बाजूने पोस्टकार्ड सहज शिरत असेल, तर ती डाय त्या नळीची नाही.