इंजिनचा संकेतांक आणि ‘मिस’ मारणारा सिलिंडर

आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां मोटार उभी असते. तिच्या पाटीवर इंजिनच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला कीं मिस्त्री स्कॅनर लावून ‘पी ०३०३’ असा संकेतांक सांगतो, व लागलीच इंजिन उघडण्याचा खर्च मांडतो. हा अंक काय सांगतो व काय सांगत नाहीं, हें मालकानें जाणणें अवश्य आहे.

ही पद्धति अमेरिकेंत १९९६ सालापासून सक्तीची झाली. भारतांत तिची दुसरी पायरी एप्रिल २०१३ पासून आली. पी ०३०१ ते पी ०३०४ यांतील शेवटचा आंकडा सिलिंडरचा क्रमांक होय; पी ०३०० आल्यास दोष एकापुरता नाहीं असें समजावें. क्रँकबरोबर फिरणाऱ्या दांतेरी चक्राचा वेग यंत्र सारखा मोजीत असतें. सिलिंडरांत पेट झाला कीं चक्रास हिसका बसतो. पेट चुकला कीं तें किंचित् रेंगाळतें. चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर अर्ध्या फेऱ्यास एकाची पाळी असल्यानें कोणाच्या पाळीस चक्र रेंगाळलें तें कळतें. मोट हांकणाऱ्यास कोणता बैल अंग चोरतो तें नाड्यावरून उमगावें, तसाच हा प्रकार. परंतु बैल अंग कां चोरतो, हें नाडा सांगत नाहीं. ठिणगी, इंधन कीं दाब, यांपैकीं उणें काय तें आपणच शोधावयाचें.

प्रथम तारा पाहाव्या. गोठ्याशेजारीं किंवा कोठाराजवळ उभ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, आणि दोष तेवढाच निघाला तर दुरुस्ती अल्प खर्चांत होते. तारा शाबूत असल्यास इंजिन थंड होऊं द्यावें, चावी काढावी, आणि तिसऱ्या व पहिल्या सिलिंडरच्या कॉइलांची अदलाबदल करावी. प्रत्येकास स्वतंत्र कॉइल असेल तरच हें जमतें. संकेतांक पुसून गाडी थोडी चालवावी. आतां ०३०१ आल्यास कॉइलच वाईट, तेवढीच बदलावी. ०३०३ कायम राहिल्यास प्लगांचीहि तशीच अदलाबदल करून पाहावी. काढलेला प्लग तेलानें माखलेला असेल तर रोग बहुधा आंत आहे. प्लग निर्दोष ठरल्यावर इंजेक्टर तपासावा.

एवढ्यानें उलगडा न झाल्यास गेजनें दाब मोजवून घ्यावा. दाब कमी भरल्यास त्या सिलिंडरांत चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजावा. वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारच्या दोन्ही सिलिंडरांत दाब उणा असल्यास गॅस्केटचाच संशय अधिक. इंजिन उघडण्याची गोष्ट या परीक्षेनंतर बोलावी, त्याआधीं नव्हे.

दिवा मिचकावूं लागला तर मात्र ‘बाजारापर्यंत पोंचूं’ म्हणून गाडी रेटूं नये. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील शुद्धिपात्रांत जाऊन पेटतें, त्या उष्णतेनें आंतील जाळी वितळते, आणि तो भाग कॉइलच्या कितीतरी पट महाग आहे.

डिझेल गाडींत ठिणगीचा प्लग व कॉइल नसतात. तेथें शोध नोझलपासून करावा. पण हल्लींच्या डिझेल इंजिनांत इंधनाचा दाब प्राणघातक असतो, सबब ती नळी घरीं सैल करूं नये.