नंबर लावायचा की तिकीट काढायचे?

गेल्या वर्षी वैशाखात एका सकाळी सव्वासहाला माझ्या नणंदेचा फोन आला. ती मुरबाडला घरच्या घरीच पार्लर चालवते आणि लग्नसराईत नवरी सजवायला बाहेरगावी जाते. आवाज अगदी रडवेला. "वहिनी, आज माझ्याकडे दोन नवऱ्या आहेत. एक टोकावड्याला आणि एक किन्हवलीला. दोघींचे मुहूर्त अकराच्या आतबाहेर. मी आता काय करू?"

मुरबाडहून ही दोन गावे दोन दिशांना. एकीकडे माळशेजचा रस्ता, दुसरीकडे शहापूरचा. एका बाईने एका सकाळी दोन्हीकडे जाणे शक्यच नव्हते. शेवटी किन्हवलीच्या मंडळींना नाही म्हणावे लागले. बयाणा परत गेला, वर चार शब्द ऐकून घ्यावे लागले, आणि त्या सबंध मोसमात किन्हवलीकडून तिला एकही बोलावणे आले नाही. लहान गावात अशी गोष्ट किती लवकर फिरते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

हे झाले कसे? टोकावड्याची नवरी फोनवरून ठरलेली, वहीत लिहिलेली. किन्हवलीची मात्र 'ऑनलाइन' आलेली. मेंदीचे कोन, केसांचे तेल, उटणे असे विकण्यासाठी नणंदेने इंटरनेटवर छोटेसे दुकान काढले होते. त्याच दुकानात तिने 'नवरीचा मेकअप' हीदेखील एक वस्तू म्हणून मांडून ठेवली. गिऱ्हाइकाने वस्तू निवडावी, आगाऊ रक्कम भरावी आणि खाली टिपेत तारीख लिहावी. दुकानाला वस्तूंचा हिशेब कळतो. कोन किती उरले हे ते बरोबर सांगते. पण तारीख त्याला कळत नाही. त्याच्या लेखी मेकअप म्हणजे आणखी एक उटण्याचे पाकीट!

आता दुसरी बाजू ऐका. इथे शहापूरला आमच्या शेजारच्या काकू श्रावणात उकडीच्या मोदकांचा वर्ग घेतात. त्यांच्या भाच्याने उत्साहाने एक ॲप लावून दिले. त्यात अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा दिसायच्या आणि बायकांनी हवी ती निवडायची. झाले! एक दोनला आली, दुसरी अडीचला, तिसरी तीनला. पहिलीने उकड काढायला शिकली तेव्हा दुसरी एसटीत होती. चौथी आली तेव्हा मोदक चाळणीत बसले होते. काकूंनी त्या दुपारी चार वेळा उकड काढली, आणि रात्री बाम लावून झोपल्या.

दोघींची चूक एकच, फक्त उलटसुलट. जिला नंबर हवा होता तिने दुकान मांडले, आणि जिला तिकीट हवे होते तिने नंबर वाटले.

मैत्रिणींनो, नवी नावे ऐकून बिचकू नका. फरक आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. डॉक्टरांकडे आपण नंबर लावतो. डॉक्टर एक, आत जाणारा पेशंट एक, बाकीचे बाहेर बाकावर. कल्याणला अत्रे रंगमंदिरात नाटक असते तेव्हा मात्र तिकीट काढतो. वेळ सर्वांची एकच, फक्त खुर्च्या मोजक्या. पहिल्या प्रकाराला 'अपॉइंटमेंट बुकिंग' म्हणतात, दुसऱ्याला 'इव्हेंट तिकीट'. पहिल्यात तुम्ही तुमचा वेळ विकता, दुसऱ्यात जागा. घरबसल्या धंदा करणाऱ्या बाईने पैसे खर्चण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे: एका वेळी दोघी आल्या, तर माझे काम बिघडते की रंगते? मेकअप, ब्लाउजची मापे, शिकवणी, पत्रिका पाहणे, ही कामे बिघडतात. मोदकांचा वर्ग, रांगोळीचे शिबिर, भोंडला, मंगळागौरीचे खेळ रंगतात.

पैसे भरणे ही आता अडचण राहिलेली नाही. आपल्या मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झाले, तेव्हा दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रे आली म्हणून आपण कौतुकाने वाचले होते. त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले, आणि आज भाजीवालीच्या टोपलीवरही तो चौकोनी कोड चिकटवलेला दिसतो. अडते ते पैशाशी नाही. कोण, कधी आणि कितीजणी, इथे अडते.

नंबराचे ॲप लावताना सर्वांत आधी त्यातली मूळ वेळ बदला. बहुतेक ॲपांत ती अर्ध्या तासाची असते. भुवया कोरायला ती पुष्कळ झाली, नवरीला मात्र अडीच-तीन तास लागतात. त्यानंतर दोन कामांमध्ये मोकळी जागा सोडण्याची सोय असते, तिच्याकडे कोणी लक्षच देत नाही. नणंदेने आता बाहेरगावच्या कामामागे-पुढे दीड दीड तास मोकळा ठेवला आहे. एसटी चुकली, घाटात धुके आले, नवरीची मामी ऐनवेळी 'माझ्याही केसांचे बघा' म्हणाली, तर तेवढा वेळ हवाच. आज रात्री नंबर लावून उद्या सकाळी दारात उभे राहणारे लोक असतात. त्यासाठी 'किमान इतके दिवस आधी' अशी अट घालता येते, तीही घाला. आणि स्वतःची कामे, म्हणजे मुलांची परीक्षा, घरचे श्राद्ध, माहेरचे कार्य, कॅलेंडरमध्ये आधीच लिहून टाका. ॲपला तुम्ही बाई आहात हे ठाऊक नसते. तुम्ही सांगितले नाहीत तर ते तुम्हांला पाडव्याच्या सकाळीही कामाला लावील.

साधे गूगलचे खाते असेल तर त्याच्या कॅलेंडरमध्ये असे वेळा देणारे एक पान फुकट करता येते. कॅलेंडली नावाच्या ॲपच्या फुकट योजनेतही एका प्रकारचे काम ठेवता येते. सुरुवातीला एवढे पुरते. मात्र परदेशी ॲपांची जाहिरात वाचून 'पैसेही इथेच घेता येतात' या वाक्यावर भुलू नका. त्यांचे पैसे बहुधा स्ट्राइप किंवा पेपाल यांच्यामार्फत येतात. पेपालने भारतातल्या भारतातले व्यवहार एप्रिल २०२१ पासून बंद केले, आणि स्ट्राइपने २०२४ पासून इथे नवे खाते निमंत्रणाशिवाय देणे थांबवले. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: यूपीआयने पैसे घेता येतात का? येत नसतील तर ॲपने फक्त वेळ धरावी, बयाणा तुम्ही तुमच्या कोडवर मागवावा, आणि तो आल्यावरच 'पक्के' असा निरोप पाठवावा. थोडे हाताचे काम वाढते खरे. पण लग्नसराईत महिन्याला फार तर दहा-बारा नवऱ्या, तेवढे जमते.

तिकिटाच्या ॲपांची तऱ्हा निराळी. बुकमायशो आपल्याला सिनेमामुळे माहीत आहे. पुण्यात सुरू झालेली टाउनस्क्रिप्ट लहान कार्यक्रमांची तिकिटे विकायची, तिच्यातला मोठा हिस्सा २०१७ मध्ये बुकमायशोनेच घेतला. अशा ठिकाणी जागा किती ते सांगायचे, विक्री कधी बंद करायची ते सांगायचे. सोळा जागा भरल्या की दार आपोआप बंद. प्रत्येकीला फोनवर तिकीट जाते, आणि तुम्हांला नावांची तयार यादी मिळते.

इथे दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून वाचा. एक त्यांची फी. समजा, शेकडा ४ रुपये आणि शिवाय दर तिकिटामागे १० रुपये असा दर आहे. ४०० रुपयांच्या तिकिटावर झाले २६. या फीवर १८ टक्के जीएसटी धरला की ३० रुपये ६८ पैसे. सोळाजणींचे मिळून जवळपास ४९१ रुपये होतात, म्हणजे फराळाच्या वर्गाचे सगळे तेल! ही फी तुम्ही सोसायची की तिकिटात मिळवायची, ते आधी ठरवा. एरवी बँक खात्यातून थेट येणाऱ्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. मध्ये कोणी उभे राहिले की ते आपली मजुरी घेणारच.

दुसरी गोष्ट पैसे हातात कधी पडतात ही. दिवाळीच्या आधी काकूंनी फराळाचा वर्ग तिकिटे लावून घेतला. जागा तीन दिवसांत भरल्या, काकू खूश. मग भाजणी, रवा, साखर, तेल आणायला निघाल्या तेव्हा कळले की ती कंपनी पैसे कार्यक्रम झाल्यानंतर देते. अटींत तसे लिहिले होते. वाचले होते कोणी? शेवटी काकांच्या औषधांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून सामान आले. कंपनीचेही चूक म्हणता येत नाही. कार्यक्रम रद्द झाला तर लोकांचे पैसे तिला परत द्यायचे असतात. पण महिन्याच्या शेवटी ज्या घरात डब्यातले पैसे मोजून काढतात, त्या घरात दहा दिवसांचा उशीर हा मोठा उशीर असतो.

म्हणून यंदा मी काकूंना तिसरीच युक्ती सुचवली. त्यांचे मसाल्यांचे ऑनलाइन दुकान आहेच. त्यात 'मोदक वर्ग, रविवार' अशी एक वस्तू घालायची आणि शिल्लक माल १६ असा लिहायचा. सोळा विकले की दुकान आपणच 'संपले' म्हणते. तारीख एकच असल्यामुळे नणंदेसारखा घोटाळा होत नाही. फक्त एक खूण विसरू नका: ही वस्तू घरपोच पाठवायची नाही, असे दुकानाला सांगावे लागते. आम्ही विसरलो! वासिंदच्या एका ताईंनी वर्गाच्या फीवर ६० रुपये टपालखर्चही भरला आणि फोन करून विचारले, "मोदक घरी पाठवणार का हो?"

काही कामे मात्र ना धड नंबरात बसतात ना तिकिटात. माहुली गडाच्या पायथ्याशी किंवा गोरखगडाखालच्या देहरीला गिर्यारोहकांसाठी घरगुती जेवणे करून देतात. रविवारी पावसाळ्यात चाळीस पाने उठतात, तर मंगळवारी कुत्रे फिरकत नाही. तिथे तासाला अर्थ नाही, दिवसाला आहे. अशा वेळी तिकिटाची पद्धतच बरी: रोजची पाने ठराविक, आणि नोंदणी आदल्या संध्याकाळी बंद, कारण तांदूळ-डाळ आणायला वेळ लागतो. शिवणाच्या नेहमीच्या वर्गाचे उलट. दर मंगळवारी त्याच आठजणी येणार असतील तर दर वेळी तिकीट काढायला लावणे म्हणजे छळ. काही नंबराच्या ॲपांत एका वेळेला अनेकजणी घेण्याची सोय असते, ती तिथे शोभते.

नाव मागे घेणाऱ्यांबद्दल एक सांगते. वर्गाला येणे जमले नाही तर तिकीट जावेला देता येते, आणि तशी मोकळीक द्यावीच. जागा वाया जात नाही, पैसे परत करायची कटकट नाही. पण नवरीचा नंबर जावेला कसा देणार? तिथे बयाणा किती दिवस आधी परत मिळेल आणि केव्हा मिळणार नाही, हे पैसे घेतानाच मराठीत, दोन ओळींत लिहून पाठवावे. तोंडी सांगितलेले मागाहून कोणालाच आठवत नाही.

आणि वही. नणंदेचे खरे दुखणे ॲपच्याही आधीचे होते; तिच्याकडे दोन वह्या झाल्या होत्या. आता फोनवर काम ठरले तरी ती तिथल्या तिथे ॲपमध्ये तो वेळ बंद करते, मगच फोन ठेवते. सासूबाईंनी फोन घेतला तर त्या म्हणतात, "थांबा हं, तिला विचारून सांगते." पूर्वी त्याच परस्पर 'या की' म्हणायच्या! आषाढ-श्रावणात वीज आणि नेटवर्क दोन्ही दगा देतात, म्हणून शनिवारी रात्री पुढच्या आठवड्याची यादी ती कागदावर उतरवून आरशाशेजारी लावते.

काकूंनीही यंदा सोळा नावे कागदावर लिहून देवळाच्या सभागृहाच्या दाराशी मला बसवले. सोळाच्या सोळा आल्या. वासिंदच्या ताई आपल्या दोन नणंदांना बरोबर घेऊन आल्या, त्यांचे तिकीट नव्हते. "आता आल्यात तर काय उन्हात उभ्या करायच्या?" म्हणत काकूंनी दोन पाट आणखी मांडले. उकड पुरली. दुकानात अजून 'संपले' असेच दिसत होते. ते तसेच राहू दिले.