आवाज सायलेन्सरचा, दोष रबरी नळीचा

स्पोर्ट्‌स कारचा घनगंभीर आवाज तिच्या मालकाला प्रिय असतो; मात्र पहाटे गाडी बाहेर काढताना त्याच आवाजाने शेजाऱ्यांची झोपमोड व्हावी, असे कोणालाच वाटत नाही. या दोन अपेक्षांचा मेळ घालण्यासाठी अनेक वेगवान मोटारींच्या एक्झॉस्टमध्ये उघडझाप करणाऱ्या झडपा बसविलेल्या असतात. इंजिन संथ असताना झडपा मिटतात आणि धूर सायलेन्सरच्या लांबच्या, शांत वाटेने जातो. इंजिनावर जोर आला की झडपा उघडतात, धुराला मोकळी वाट मिळते आणि आवाजही वाढतो.

‘शेव्हरोले कॉर्व्हेट’ या अमेरिकी स्पोर्ट्‌स कारची २००५ ते २०१३ या काळातील सहावी पिढी हे या यंत्रणेचे प्रसिद्ध उदाहरण होय. २००६ मध्ये आलेल्या ७ लिटर, ५०५ अश्वशक्तीच्या ‘झेड ०६’मध्ये अशा झडपा होत्या. २००८ पासून साध्या कॉर्व्हेटलाही हा एक्झॉस्ट जादा पैसे मोजून मिळू लागला आणि तो घेतल्यास इंजिनाची क्षमता ४३० वरून ४३६ अश्वशक्ती इतकी सांगितली जात असे. या पिढीतील सर्वच गाड्यांनी आता दहा वर्षांचा टप्पा ओलांडला आहे. इंजिनाच्या उष्णतेत रबर कडक होते, प्लॅस्टिकला भेगा पडतात आणि एक दिवस आवाज कमी होईनासा होतो. मालकाचा पहिला संशय सायलेन्सरवर जातो. प्रत्यक्षात महागडा सायलेन्सर बदलूनही आवाज तसाच राहण्याची शक्यता बरीच असते, कारण दोष अनेकदा इंजिनाजवळच्या एखाद्या बारीक नळीत असतो.

यंत्रणा चालते कशी?

या झडपा विजेच्या मोटरवर नव्हे, तर व्हॅक्यूमवर चालतात. पेट्रोल इंजिन हवा आत ओढते तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो. ही ओढ रबरी नळीवाटे एका लहान टाकीत साठविली जाते. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मॅनिफोल्डमधील ओढ जवळजवळ नाहीशी होत असल्याने, साठा उलट वाहून जाऊ नये म्हणून वाटेत एकदिशा झडप असते. पुढे विजेवर चालणारा सोलेनॉइड असतो. संगणकाचा हुकूम मिळताच तो ओढ गाडीच्या मागील भागाकडे सोडतो किंवा तोडतो. तेथे दोन्ही बाजूंच्या सायलेन्सरवर एकेक गोल डबी असते. डबीतील रबरी पडदा ओढला गेला की त्याला जोडलेली दांडी सरकते व झडप मिटते. ओढ थांबली की स्प्रिंग तिला पुन्हा उघडते.

कॉर्व्हेटमध्ये व्हॅक्यूम असेल तर झडप बंद आणि नसेल तर उघडी, हे सूत्र ध्यानात ठेवले की निम्मे निदान तेथेच होते. यंत्रणा निकामी झालीच, तर धुराची वाट अडण्यापेक्षा ती मोकळी राहणे इंजिनाच्या हिताचे असते. काही गाड्यांत रचना याच्या उलट असू शकते. म्हणून संबंधित गाडीची दुरुस्ती-पुस्तिका आधी पाहणे श्रेयस्कर.

लक्षणांवरून निदान

आवाज सतत मोठा येत असेल, तर व्हॅक्यूम झडपेपर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. फुटलेली किंवा निसटलेली नळी, तडा गेलेली टाकी, उडालेला फ्यूज, बंद पडलेला सोलेनॉइड आणि फाटलेला पडदा हे त्याचे संशयित. याउलट वेग वाढवूनही आवाज दबलेलाच राहत असेल व वरच्या फेऱ्यांत जोर कमी वाटत असेल, तर झडप गंजाने किंवा काजळीने अडकली असण्याची शक्यता असते. सोलेनॉइडचे हवा आत घेणारे छिद्र बुजले, तरीही ओढ सुटत नाही आणि झडप मिटलेलीच राहते.

एकाच बाजूची झडप हलत नसेल, तर दोष नळीचे दोन फाटे फुटतात त्या ठिकाणानंतर असतो. दोन्ही बाजू ठप्प असतील, तर तो फाट्याच्या आधी शोधावा. मात्र रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना क्षणभर मोठा आवाज येऊन तो लगेच खाली बसत असेल, तर काळजीचे कारण नाही. व्हॅक्यूम तयार होण्यास तेवढा वेळ लागतो.

तपासणीचा क्रम

तपासणी मोकळ्या जागेतच करावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालविल्यास कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो. गाडीखाली जायचे असल्यास ती केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी.

प्रथम एकाने इंजिन सुरू करावे आणि दुसऱ्याने डबीची दांडी सरकते का, ते पाहावे. दांडी हलत नसेल, तर मॅनिफोल्डच्या बाजूने नळीवर व्हॅक्यूम गेज लावावा. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिन संथ चालताना साधारण १७ ते २२ इंच पारा एवढी ओढ दाखविते. दर हजार फूट उंचीमागे हा आकडा सुमारे एक इंचाने घटतो. त्यामुळे मैलभर उंचीवरील डेन्व्हर शहरात पाच इंच कमी भरले, तरी तो दोष मानू नये. येथे ओढ ठीक असेल, तर नळीच्या मार्गाने मागे जात टाकी, एकदिशा झडप आणि सोलेनॉइड यांच्यापुढे तीच मोजणी करावी. ज्या टप्प्यानंतर ओढ नाहीशी होते, तेथेच दोष असतो. सोलेनॉइडला वीज मिळते का, हे मात्र फ्यूज व तारा तपासून आधी ठरवावे.

शेवटी हातपंपाने डबीला थेट सुमारे १५ इंच ओढ द्यावी. दांडी सरकून मिनिटभर स्थिर राहिली, तर पडदा शाबूत आहे. काटा खाली येऊ लागला, तर पडदा किंवा जोड गळका आहे. ओढ टिकूनही दांडी हलत नसेल, तर एक्झॉस्ट पूर्ण थंड झाल्यावर झडप हाताने फिरवून पाहावी.

दुर्लक्ष महागात

मोठ्या आवाजाची हौस असलेले काही मालक मुद्दाम फ्यूज काढून ठेवतात. मात्र खासगी मोटारींच्या एक्झॉस्टसाठी ९५ डेसिबलची मर्यादा घालणाऱ्या कॅलिफोर्नियासारख्या राज्यात आवाजाचा प्रश्न शेजाऱ्यांपुरता उरत नाही. फुटलेली नळी तर त्याहून त्रासदायक ठरते. तिच्यातून न मोजलेली हवा इंजिनात शिरते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण कमी पडते, गाडी संथ असताना अडखळते आणि पी ०१७१ किंवा पी ०१७४ या संकेतासह इंजिनाचा दिवा लागू शकतो. मॅनिफोल्डची हीच ओढ ब्रेक बूस्टरलाही लागते. त्यामुळे गळती मोठी असल्यास ब्रेकचे पेडल जड होण्याचा धोका संभवतो. वाढलेला आवाज ऐकून थेट सायलेन्सर उतरविण्याआधी, इंजिनापासून झडपेपर्यंतची नळी क्रमाने तपासणे म्हणूनच खिशाच्या आणि सुरक्षिततेच्याही दृष्टीने हिताचे ठरते.