काढून टाकायचं बटण

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण विषय गावाकडचा आहे, म्हणून मराठीतच लिहिते.

आमचं गाव केम, तालुका करमाळा. कुंकवासाठी प्रसिद्ध. गावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पाणी कधी सुटणार, कोण वारलं, सगळं तिथेच कळतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी ग्रुप चालवणाऱ्या दादांनी मलाही अ‍ॅडमिन केलं. का, तर मी इंजिनिअरिंगला! एका रात्री शेजारच्या अण्णांनी ग्रुपवर विचारलं, "वस्तीवरच्या रस्त्याचं काय झालं?" लगेच दादांचा फोन. "काढ त्यास्नी आधी. उद्या पोलीस आले तर अ‍ॅडमिनलाच धरत्यात." मी घाबरले आणि अण्णांना काढलं.

मग वाटलं, खरंच धरतात का? शोधलं तर आपल्याच राज्यातली केस सापडली. २०१६ साली गोंदिया जिल्ह्यात एका ग्रुपवर एका सदस्याने महिला सदस्याला अश्लील भाषा वापरली. त्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. कारण सोपं आहे. अ‍ॅडमिन माणसं घेऊ शकतो किंवा काढू शकतो, पण कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही. दोघांचा आधीच ठरलेला कट असेल, तरच तो दोषी. अर्थात, स्वतः लिहिलेल्याची जबाबदारी स्वतःचीच!

म्हणजे पोलिसांची भीती हे निमित्त होतं. दादा एका पॅनलचे, आणि रस्त्याचा प्रश्न त्यांच्या पॅनलला अडचणीचा. गंमत म्हणजे बटणं वाढतच गेलीत. २०१८ पासून 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' अशी सोय आहे, २०२२ पासून अ‍ॅडमिन दुसऱ्याचा मेसेजही पुसू शकतो. हीच बटणं शिवीगाळ थांबवतात, आणि हीच प्रश्नही थांबवतात. बटणाला फरक कळत नाही, तो दाबणाऱ्याला कळायला हवा.

ग्रामसभेशी तुलना करून बघा. तिथे कायदा आहे, १५ टक्के किंवा १०० मतदारांची गणपूर्ती लागते, इतिवृत्त लिहिलं जातं. सरपंचांना प्रश्न आवडला नाही म्हणून मतदाराचं नाव यादीतून जात नाही. ग्रुपवर मात्र 'काढलं' एवढीच नोंद राहते. का काढलं, ते कुठेच नाही.

मला सुचलेले उपाय तीनच. नियम आधी लिहून ग्रुपवर लावा. अ‍ॅडमिन दोन्ही पॅनलचे ठेवा. आणि शिवी असेल तर मेसेज पुसा, माणूस काढायचा तर कारण सगळ्यांसमोर सांगा. आपल्या होस्टेलच्या मेसच्या ग्रुपलाही हे लागू आहे बरं का! भाजीबद्दल तक्रार करणं म्हणजे शिस्तभंग नव्हे.

सुट्टीत गावी गेले तेव्हा अण्णांची माफी मागितली आणि त्यांना परत ग्रुपवर घेतलं. ते काहीच बोलले नाहीत. रात्री ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, "वस्तीवरच्या रस्त्याचं काय झालं?"

दादांचा परत फोन आला. या वेळी मी उचलला नाही.