लोणारचे जिवाणू, कार्बनची पाटी आणि विजेविषयीचे गैरसमज

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या बाबतीत २०२० या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या, आणि दोहोंच्या मुळाशी सूक्ष्मजीव असल्यामुळे त्यांची गल्लत होण्याचा संभव मोठा आहे. जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. हा रंग अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले. त्याच वर्षी मोहालीच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील सुनील पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोणारच्या नमुन्यांतून इलेक्ट्रोडवर वाढणारे, म्हणजे आपले इलेक्ट्रॉन शरीराबाहेरील घन पृष्ठभागाला देणारे जिवाणू वाढवून दाखवले. पाणी रंगवणारे जीव आणि इलेक्ट्रॉन देणारे जीव एकच नव्हेत. दुसऱ्या गटातील प्रमुख जिवाणू जिओअल्कलीबॅक्टर या प्रजातीचा असून तो प्राणवायू नसलेल्या जागी जगतो, आणि गुलाबी पाण्याशी त्याच्या विद्युतगुणाचा काही संबंध नाही.

असे जिवाणू ज्या साधनात वापरतात त्याला सूक्ष्मजैविक इंधनघट म्हणतात, आणि त्याविषयीचा पहिला गैरसमज त्याच्या नावातच दडलेला आहे. जिवाणू वीज ‘निर्माण’ करत नाहीत. ते सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ खातात, आणि त्या अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन कुठेतरी टाकणे त्यांना भाग असते. माणूस ते श्वासातल्या प्राणवायूला देतो, तर या जिवाणूंचे पूर्वज गाळातल्या लोहखनिजाला देत आले आहेत. खनिजाच्या जागी कार्बनची पाटी ठेवली की इलेक्ट्रॉन तिच्यात उतरतात. या पाटीला ॲनोड म्हणतात. तेथून तारेवाटे ते दुसऱ्या पाटीकडे, म्हणजे कॅथोडकडे जातात आणि तेथे प्राणवायूला मिळतात. ॲसिटेटचा, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लाच्या क्षाररूपाचा, एक रेणू पूर्णपणे खाल्ला गेला तर आठ इलेक्ट्रॉन मोकळे होतात. त्याहून अधिक एकही मिळणे शक्य नाही, म्हणून अन्नाशिवाय चालणारा घट ही कल्पना निराधार आहे. जिवाणूंच्या घटाची कल्पना नवीन असल्याचा समजही चुकीचा आहे, कारण इंग्लंडमध्ये एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्येच जिवाणू आणि यीस्ट यांच्या साहाय्याने विद्युतदाब मिळवल्याची नोंद प्रसिद्ध केली होती.

खरा गुंता कार्बनचा आहे, आणि पदार्थवैज्ञानिकांचे बहुतेक श्रम तेथेच खर्ची पडतात. ‘कार्बन म्हणजे कोळसा, आणि कोळसा कोणताही चालेल’ ही समजूत बुलढाण्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात विशेष मोहात पाडणारी आहे, कारण वेचणी संपल्यावर शेतात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाट्यांपासून कोळसा करणे अवघड नाही. मात्र ४००-५०० अंश सेल्सिअसला भाजलेला असा कोळसा विजेचा जवळजवळ रोधकच असतो. त्याच्या दोन टोकांना मल्टीमीटरचे काटे टेकवले तर प्रवाहाचा मार्ग बहुधा बंदच दिसतो. हवा न लागू देता तापमान ८०० अंशांच्या पुढे नेले की आतील कार्बनचे अणू षट्कोनी जाळीच्या पापुद्र्यांत मांडले जाऊ लागतात, पापुद्रे एकमेकांना भिडतात आणि इलेक्ट्रॉनांना वाट मिळते. ग्रॅफाइटमध्ये हीच रचना पूर्णत्वाला गेलेली असते. म्हणजे पऱ्हाटीचा कोळसा उपयोगाचा आहे, मात्र तो किती तापवला यावरच त्याची सारी किंमत ठरते, हे लक्षात घेतल्याशिवाय ‘शेतकऱ्याच्या कचऱ्यापासून इलेक्ट्रोड’ या घोषणेला अर्थ नाही.

त्याहून खोलवर रुजलेली समजूत सच्छिद्रतेची आहे. घरगुती जलशुद्धीकरण यंत्रात असतो त्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे भरते, आणि एवढी जागा मिळाली तर जिवाणूंची दाट वसाहत होईल असे वाटणे साहजिक आहे. पण या दहा गुंठ्यांपैकी बहुतांश जागा २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांच्या भिंतींवर असते, तर जिवाणूची जाडी अर्धा ते एक मायक्रोमीटर, म्हणजे छिद्राच्या शेकडो पट असते. दारातूनच आत शिरता येत नसेल तर वाड्याच्या आकाराला अर्थ उरत नाही. म्हणून ॲनोडसाठी बारीक छिद्रांऐवजी मोकळ्या फटी लागतात. कार्बनच्या तंतूंचा नमदा हातात घेतला तर तो काळ्या घोंगडीच्या तुकड्यासारखा मऊ आणि हलका लागतो व बोटांना बारीक काळे तंतू चिकटतात. त्या तंतूंमधील अंतर काही दशक मायक्रोमीटर असल्यामुळे सांडपाणी, अन्न आणि जिवाणू तिन्ही आत पोहोचतात. २००७ मध्ये अमेरिकेतील ब्रूस लोगन यांच्या गटाने ग्रॅफाइटचे तंतू धातूच्या तारेत पिळून बाटली धुण्याच्या ब्रशासारखा ॲनोड बनवला, तो याच विचाराने. त्याच काळात या गटाने कार्बनचे कापड अमोनिया वायूत तापवून त्याच्या पृष्ठभागावर नायट्रोजनयुक्त गट बसवले. जिवाणूंच्या भिंतीवर सामान्यतः ऋण प्रभार असल्यामुळे अशा, धन प्रभाराकडे झुकलेल्या पृष्ठभागावर ते लवकर चिकटतात आणि घट लवकर चालू होतो.

गंमत अशी की ॲनोडला निरुपयोगी ठरलेली तीच बारीक छिद्रे कॅथोडवर मोलाची ठरतात, कारण तेथे आत शिरायचे असते ते प्राणवायूच्या इवल्या रेणूला. कॅथोडसाठी प्लॅटिनम अपरिहार्य आहे हा समज त्यामुळे गेल्या दीड दशकात मागे पडला असून तेथे सक्रिय कार्बन सर्रास वापरला जातो. ॲनोड आणि कॅथोड यांचे कप्पे वेगळे ठेवणाऱ्या महागड्या पटलाबाबतही तेच झाले. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मकरंद घांगरेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भातगिरणीच्या सांडपाण्यावर केलेल्या प्रयोगांत मातीच्या मडक्याच्या भिंतीलाच पटलाचे काम दिले होते.

लोणारच्या प्रयोगाचे आकडे या पार्श्वभूमीवर वाचावे लागतात. सामू ९.५ आणि लिटरमागे २० ग्रॅम क्षार अशा द्रावणात वाढवलेल्या जैवपटलाने, म्हणजे इलेक्ट्रोडवर चिकटून वाढलेल्या जिवाणूंच्या थराने, ॲसिटेटवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५४८ मायक्रोॲम्पियर आणि लॅक्टेटवर सुमारे ४३७ मायक्रोॲम्पियर इतका प्रवाह दिला. हे आकडे घटाने दिलेली वीज नव्हेत. त्या प्रयोगात इलेक्ट्रोडचा विद्युतविभव बाहेरील उपकरणाने चांदी-सिल्व्हर क्लोराइड या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत ०.२ व्होल्टवर धरून ठेवला होता, आणि जिवाणू त्या पातळीवर किती इलेक्ट्रॉन सोडतात एवढेच मोजले होते. हायड्रोजनच्या मापाने ही पातळी सुमारे ०.४ व्होल्ट होते, तर सामू ९.५ असताना प्राणवायूचा आदर्श विभव सुमारे ०.६७ व्होल्ट असतो. दोहोंत जेमतेम पाव व्होल्टाचे अंतर राहते, आणि प्रत्यक्ष कॅथोडवरील नुकसान त्याहून कमी नसते. त्या जैवपटलात आढळलेल्या दोन संभाव्य इलेक्ट्रॉनवाहक घटकांचे विभव, ०.१८३ आणि ०.३३३ व्होल्ट, अशा जैवपटलांसाठी तोपर्यंत नोंदलेल्या मूल्यांपैकी सर्वाधिक होते, आणि ‘सर्वाधिक’ हा शब्द वाचून आनंद होणे समजण्यासारखे आहे. पण इंधनघटाच्या दृष्टीने ॲनोडचा विभव जितका खाली तितका विद्युतदाब जास्त. त्यामुळे हा उच्चांक ज्ञानाच्या दृष्टीने मोठा असला तरी वीजनिर्मितीच्या दृष्टीने अडचणीचा आहे, आणि हे स्पष्ट सांगणे लोणारच्या जिवाणूंवर अन्याय करणे नव्हे.

मग गाव उजळेल का? नुकसान शून्य मानून, पाव व्होल्ट पूर्ण हाती लागला असे धरले, तरी एक चौरस मीटर इलेक्ट्रोडमधून दीड वॅटच्या आसपास शक्ती मिळेल. ९ वॅटच्या एका एलईडी दिव्याला सहा चौरस मीटर लागतील, आणि नुकसान धरले तर तेवढ्यानेही भागणार नाही. भारनियमनावर उपाय म्हणून या घटाकडे पाहणे म्हणूनच व्यर्थ आहे. त्याचे बळ सांडपाण्यात आहे. कापड, कातडी आणि कागद उद्योगांचे पाणी अनेकदा खारट आणि अल्कधर्मी असते, सामान्य जिवाणू त्यात तग धरत नाहीत, आणि नेहमीच्या शुद्धीकरणात हवा फुंकण्यासाठीच बरीच वीज जाते. अशा पाण्यात हवा न फुंकता सेंद्रिय भार कमी करू शकणारे जिवाणू मिळणे हीच मिळकत आहे.

शेवटी एक गैरसमज खुद्द सरोवराविषयीचा आहे: इलेक्ट्रोड थेट लोणारच्या पाण्यात बुडवावेत अशी सूचना कुणाला सुचू शकते. लोणार हे अभयारण्य असून २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला आहे, आणि मोहालीचे संशोधन झाले ते प्रयोगशाळेत, थोड्याशा नमुन्यावर. बेसॉल्टमधील १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातील पाण्याचा खारेपणा टिकला तरच त्यात राहणारे हे जीव टिकतील. आणि त्यांची ओळखही अजून अपुरी आहे: जैवपटलातील जवळपास ८० टक्के वाटा असलेल्या जिओअल्कलीबॅक्टरची जातीसुद्धा मोहालीच्या संशोधन-निबंधात अज्ञात म्हणूनच नोंदवलेली आहे.