फिरत्या घराची वीज

झाशीच्या स्थानकावर गाडी थांबते, पण डब्यातील दिवे विझत नाहीत. असे का, याचा विचार आपण कधी केला आहे काय? जुन्या बनावटीच्या अनेक डब्यांखाली चाकांच्या आसाशी पट्ट्याने जोडलेले जनित्र असते. गाडी धावताना ते 110 व्होल्टची बॅटरी भरते आणि गाडी उभी राहिली की त्याच साठ्यावर दिवे व पंखे चालतात.

मोटारघर घेऊन प्रवासास निघणाऱ्या कुटुंबाने ही व्यवस्था ध्यानात घ्यावी. समजा, आपण मे महिन्यात झाशीजवळ, वीजजोडणी नसलेल्या जागी मुक्काम केला आहे. उन्हाळ्यात येथे पारा 45 अंशांच्या घरात जातो. सोबत आजी असून त्यांचे न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राखावयाचे आहे. अशा वेळी मध्यरात्री वीज संपली, तर ती केवळ गैरसोय राहत नाही.

म्हणून मोठी बॅटरी घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी. 5 वॅटचे चार एलईडी दिवे 5 तास लावले, तर 100 वॅट-तास लागतात; 30 वॅटचे दोन पंखे 10 तास चालले, तर 600. लहान शीतकपाटासाठी दिवसाला 600 आणि दूरध्वनी इत्यादींसाठी 100 धरावेत. एकूण झाले 1,400. दीड किलोवॅटचे वातानुकूलन यंत्र सतत चालविल्यास एवढी वीज तासाभरातच संपविते! अंथरूण पाहून पाय पसरावे, ते असे.

12 व्होल्टवर ही गरज सुमारे 117 अँपिअर-तास होते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्मीच वापरणे हिताचे, म्हणून ती 235 अँपिअर-तासांची हवी. लिथियम-लोह-फॉस्फेटची 150 ची पुरेल. छतावरील 400 वॅटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हात एवढी वीज दिवसभरात भरून काढू शकते. मात्र पॅनेल 65 अंशांपर्यंत तापले, तर त्याचे उत्पन्न सुमारे सातव्या हिश्श्याने घटते. यासाठी त्याच्याखाली वारा खेळेल एवढी फट ठेवावी. ढगाळ दिवसांसाठी, रेल्वेच्या डब्याप्रमाणेच, धावत्या इंजिनाकडून बॅटरी भरण्याची सोय असावी.

घराची बॅटरी गाडी सुरू करण्याच्या बॅटरीहून निराळी ठेवावी, म्हणजे सकाळी इंजिन अडून बसणार नाही. बॅटरीच्या धन टोकालगत योग्य क्षमतेचा फ्यूज बसविल्यावाचून एकही तार जोडू नये. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून भरताना ज्वालाग्राही वायू निघतो. तिची जागा हवेशीर असावी व तेथे ठिणगी पडू देऊ नये. जोडणीचे काम जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावे. हिशेब मात्र घरातील सर्वांनी मिळून करावा. मुलांना त्यातून गणित कळेल आणि आजींना रात्री निश्चिंत झोप लागेल.