पिकअपचा मागचा एक्सल का गातोय?

रावेर-यावलहून केळी भरून जळगाव-धुळ्याकडे निघालेली बोलेरो पिकअप वेग घेताच मागून ‘ऊंऽऽ’ करू लागली, की बरेच चालक आधी टायरवर संशय घेतात. खरं निदान मात्र आवाज कधी येतो, यावर ठरतं.

ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढतो, पाय काढला की बदलतो? मग बहुधा क्राऊन-पिनियन. पाय कुठेही असो, वेगाबरोबर घरघर वाढतच गेली तर बेअरिंग. वळणावर आवाज कमी-जास्त झाला तर चाकाचं बेअरिंग तपासावं.

सपाट जागी गाडी लावून, हाउसिंग गार झाल्यावर फिलर प्लग उघडा. ऑईल भोकाच्या काठापर्यंत हवं. कमी असेल तर पिनियनचं सील आणि ब्रीदर पाहा. धुळीने ब्रीदर बुजला की आतला दाब सीलमधून ऑईल बाहेर ढकलतो. काढलेल्या ऑईलमध्ये बोटाला टोचणारे लोखंडाचे कण आले, तर हाउसिंग खोलावंच लागतं.

जाड ऑईलने आवाज दबतो, झीज थांबत नाही. कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑईल भरा. क्राऊन-पिनियन नेहमी जोडीनेच बदला आणि डायल गेजने बॅकलॅश मोजून, दातांना रंग लावून ठसा तपासणाऱ्या मिस्त्रीकडूनच जुळणी करून घ्या.